वहीतला आकडा भिंतीवर आणूया



बैठकीत हिशेब वाचला जातो, आपण माना डोलावतो, सह्या करतो. पण घरी गेल्यावर किती जणींना आकडे आठवतात? वहीतला आकडा लिहिणारीपुरता राहतो. त्याचं चित्र भिंतीवर लागलं, की तो सगळ्यांचा होतो.

आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. कमी पावसाचं गाव. 2004 पासून तिथे पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून आकडे ग्रामसभेपुढे ठेवतात. माणसांचं, जनावरांचं पाणी आधी बाजूला काढायचं. उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचं ते ठरतं.

आता मिलिमीटर म्हटलं की डोक्यावरून जातं. म्हणून असं सांगा: एका एकरावर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे 4 हजार लिटर पाणी, म्हणजे दोनशे लिटरची 20 पिंपं. लगेच डोळ्यापुढे येतं, नाही का?

आलेख काढताना एवढं सांभाळा:

1. एका चित्रात एकच प्रश्न. बचत, कर्ज, पाऊस एकत्र कोंबू नका.

2. पट्टी शून्यापासून काढा. समजा, मागच्या महिन्यात बचत 9,000 रुपये आणि या महिन्यात 10,000. पट्ट्या 8,000 पासून सुरू केल्या तर बचत दुप्पट झाल्यासारखी दिसते! वाढ खरी तर नवव्या हिश्श्याची.

3. वर नाव, बाजूला माप, खाली महिना लिहा. नुसत्या '12' वरून काय कळणार? रुपये, फूट की मीटर?

4. विहिरीचा आलेख उलटा काढा. इथेच जास्त फसायला होतं. समजा, ऑक्टोबरात पाणी जमिनीपासून 4 मीटर खोल आणि मे महिन्यात 12 मीटर. पट्ट्या खालून वर काढल्या तर मे महिन्यातच पाणी जास्त वाटेल. म्हणून वरची रेघ म्हणजे जमीन धरा आणि पट्ट्या खाली सोडा. पट्टी लांब, तेवढं पाणी खोल.

5. वाईट महिना गाळू नका. थकबाकी असेल तर तीही दाखवा. मोजायचं राहिलं असेल तर जागा रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका.

हे सगळं कशासाठी? चुकीचं चित्र बघून एखादीने उन्हाळी कांद्यासाठी गटातून कर्ज काढलं आणि मार्चमध्ये विहीर आटली, तर हप्ता कशातून फेडायचा? ताण तिच्यावर येतो, आणि गटावरही.

या महिन्यात करून बघा: जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू घ्या, गटाच्या सहा महिन्यांच्या बचतीच्या पट्ट्या काढा आणि बैठकीत लावा. मग जी ताई वाचत नाही तिला विचारा, "यातून तुम्हाला काय कळलं?" तिने बरोबर सांगितलं, तर आलेख जमला. नाही सांगता आलं, तर चूक चित्राची, तिची नाही. पुन्हा काढा.