अमेरिकेच्या इतिहासातील वळणे आणि आपण

इतिहासाच्या तासाला दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, की अमेरिकेतील यादवी युद्धाशी कल्याणच्या मुलाचा काय संबंध? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका तासात कधीच पुरे होत नाही. म्हणून स्मरणिकेच्या निमित्ताने ते माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधवांपुढे थोडे सविस्तर मांडतो.

पहिला संबंध रुळांचा आहे. १८५३ साली आगगाडी ठाण्यापर्यंत आली आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोहोचली. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि गुलामांच्या श्रमांवर पिकणारा तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. लँकेशायरची नजर खानदेश-वऱ्हाडकडे वळली. कापसाचे भाव भडकले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. तोवर घाटाचा टप्पा बैलगाडीने उतरून आलेल्या गाठी पुढे कल्याणवरूनच मुंबईला जात. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, भाव कोसळले आणि त्याच वर्षी मुंबईचा शेअरबाजार बुडाला. त्या तेजीत धनाढ्य झालेल्या आणि मंदीत बुडालेल्या प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही मुंबईत आहे.

हा झाला व्यापाराचा संबंध. विचाराचा संबंध याहून मोठा आहे.

१ जानेवारी १८६३ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्तीची घोषणा केली. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपूर्ण देशात बेकायदा ठरली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व आणि कायद्यापुढे समानता दिली, तर पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) मतदानात वर्णावरून भेद करण्यास मनाई केली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली, तेव्हा ती अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केली. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जे केले त्याचा कित्ता आपले देशबांधव शूद्रबांधवांच्या बाबतीत गिरवतील, अशी आशा त्यामागे होती. पुण्यात बसून सातासमुद्रापलीकडच्या घटनेचा अर्थ इतक्या अचूकपणे ओळखणारा दुसरा समकालीन भारतीय मला तरी सापडत नाही.

मात्र याच वर्षी एप्रिल महिन्यात लुइझियाना राज्यातील कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली. दोषी ठरलेले मोजके आरोपीही १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे सुटले. १८७७ साली राजकीय तडजोड होऊन दक्षिणेतील उरलेल्या संघराज्याच्या फौजांनी तेथील कृष्णवर्णीयांवरचे आपले छत्र काढून घेतले. मग मतदान-कर आला, साक्षरतेच्या परीक्षा आल्या, आणि झाडाला टांगून मारणारे जमाव आले. १८९६ साली प्लेसी खटल्यात न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. त्या तत्त्वातील ‘वेगळे’ काटेकोरपणे पाळले गेले, ‘समान’ कागदावरच राहिले. घटनेचा एक शब्दही न बदलता हक्क काढून घेता येतात, हे जगाने तेथे पाहिले. पाठ्यपुस्तकात या पर्वाला जेमतेम परिच्छेदभर जागा मिळते. माझ्या मते, आपल्या दृष्टीने अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वळण हेच आहे.

बाबासाहेबांनी ते ओळखले होते. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्याच वर्षी अध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने केंद्रीय कार्यालयांतून कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांना वेगळे बसवण्यास सुरुवात केली. १९१५ साली बाबासाहेब एम.ए. झाले. त्याच वर्षी ‘कू क्लक्स क्लॅन’चा गौरव करणारा चित्रपट राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी दाखवला गेला. मे १९१६ मध्ये डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. विद्यापीठाला लागूनच हार्लेमची वस्ती. त्या गल्ल्यांतून फिरताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे सांगण्याचा मोह मी आवरतो. पण तीस वर्षांनी त्यांनी काय लिहिले, ते आपल्यापुढे आहे. काँग्रेस आणि गांधीजी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी अमेरिकेतील मुक्त गुलामांची ही फसगत मुद्दाम सांगितली. स्वातंत्र्य येण्याआधीच संरक्षणाची लेखी हमी हवी, या त्यांच्या आग्रहामागे तो धडाही होता. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. आपल्याकडील अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा की काय, हा विचार त्यामागे होता.

दुसरे मोठे वळण शाळेतून आले, हे आपल्यासारख्या निवासी शाळेच्या परिवाराने विशेष लक्षात घ्यावे. १७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. निकाल एकमताने झाला, अंमलबजावणीला मात्र बंदुका लागल्या. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सासमधील लिटल रॉक येथे नऊ कृष्णवर्णीय मुलामुलींना शाळेच्या दारातून आत नेण्यासाठी अध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. वर्गात सैनिक बसत नाहीत, त्यामुळे नंतरचे वर्षभर धक्काबुक्की आणि शिव्या त्या मुलांनी एकट्यानेच सोसल्या. आपल्या समाजात शाळेच्या पहिल्या पिढीने काय सोसले, ते ज्यांनी आजीआजोबांकडून ऐकले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढचा क्रम परिचित आहे. रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबर १९५५ रोजी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला आणि मॉन्टगोमेरीतील बहिष्कार ३८१ दिवस चालला. १९६४ साली नागरी हक्क कायदा आणि १९६५ साली मतदान हक्क कायदा झाला. १९५९ च्या भारतभेटीत मार्टिन ल्यूथर किंग केरळातील एका शाळेत गेले. तेथे मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतून आलेला अस्पृश्य बांधव अशी करून दिली. आधी ते दचकले, रागावलेही, आणि मग हे खरेच आहे असे त्यांनी स्वतःशी मान्य केले. हे त्यांनीच पुढे आपल्या प्रवचनात सांगितले. १९६६ साली कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार प्रभृतींनी दलित पँथर उभी केली. नावाचे हे नाते सर्वश्रुत आहे.

कमी ठाऊक असलेली गोष्ट आपल्या घरातली आहे. आज ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या एकेका इमारतीत कुणाचा ना कुणाचा मुलगा न्यू जर्सीला, मुलगी कॅलिफोर्नियाला असते. हे दार पूर्वी बंद होते. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्वास अपात्र ठरवला होता. १९४६ च्या कायद्याने वाट थोडी किलकिली झाली, तीही वर्षाला फक्त १०० भारतीयांपुरती. वंश-देशावर बेतलेली ही कोटापद्धत ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने मोडली. नागरी हक्क चळवळीने वंशभेदाला लाज आणली नसती, तर तो कायदा त्या वर्षी होणे कठीण होते. आपल्या मुलांचा व्हिसा अशा रीतीने अलाबामाच्या रस्त्यावर लाठ्या खाणाऱ्यांचा ऋणी आहे. तिकडे गेल्यावर कृष्णवर्णीय शेजाऱ्याविषयी तुच्छतेने बोलणारे आपले लोक भेटतात, तेव्हा म्हणूनच वाईट वाटते.

आणि जातही सामानाबरोबर गेलीच. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा ठराव संमत केला. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. ठराव मांडणाऱ्या सदस्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. जोतीरावांनी ग्रंथ अर्पण केल्याला तेव्हा दीडशे वर्षे होत होती. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तशा आशयाचे विधेयक संमत केले. ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी, सध्याच्या कायद्यांत असा भेदभाव आधीच निषिद्ध आहे असे कारण देऊन, ते सही न करता परत पाठवले.