मांजराची रक्तशर्करा : घरची मोजणी

मधुमेह हा माणसाचाच रोग, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु कन्नडमध्ये ज्याला 'सक्करे कायिले' म्हणतात तो हा विकार मांजरालाही जडतो. विशेषतः खच्ची केलेल्या, वयस्क आणि लठ्ठ बोक्याला. सारखी तहान, वारंवार लघवी आणि भरपूर खाऊनही घटणारे वजन, ही लक्षणे माणसासारखीच. उपायही तोच, इन्शुलिन. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधले, ते कुत्र्यांवरील प्रयोगांतून.

आता अडचण पाहा. बीदरला २००४ साली पशुवैद्यकीय विद्यापीठ स्थापन झाले, त्यामुळे तज्ज्ञांचा सल्ला जवळ आला. पण भालकी किंवा बसवकल्याणहून पिशवीत घालून एसटीने आणलेले मांजर भेदरलेले असते. भीतीने मांजराच्या रक्तातील साखर झपाट्याने चढते; निरोगी मांजरातही ती ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. म्हणजे तेथे मिळालेल्या आकड्यात रोग किती आणि भीती किती, हे सांगणे कठीण. लघवीच्या तपासणीवरही भागत नाही. मांजराच्या लघवीत साखर उतरते ती रक्तातील प्रमाण सुमारे २७० च्या वर गेल्यावर. साखर धोकादायक खाली गेल्याचे ती सांगूच शकत नाही. म्हणून घरची मोजणी महत्त्वाची.

माझ्या घरी असा एक बोका आहे, त्यामुळे पद्धत अनुभवाने सांगतो. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके कानावर मिनिटभर धरावे, म्हणजे शिरेत रक्त येते. कान पुसून कडेवर व्हॅसलिनचे पुसट बोट फिरवावे; थेंब पसरत नाही. कडेच्या शिरेलगत बारीक सुई टोचून थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीला लावावा, मग कापसाने दाबून धरावे. झटापट करू नये. शेवटी उकडलेल्या कोंबडीचा तुकडा दिला की दुसऱ्या दिवशी बोका आपणहून येऊन बसतो. माणसाचे यंत्र मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवते. म्हणून यंत्र बदलू नये, आणि एकदा प्रयोगशाळेच्या आकड्याशी ते ताडून पाहावे.

पण खरा धडा पुढेच आहे. समजा, सकाळी ७ वाजता इन्शुलिनपूर्वी साखर ३४० आली. पाहणारा म्हणेल, मात्रा वाढवा. त्याच दिवशी दर दोन तासांनी मोजले, तर ९ वाजता २६०, ११ वाजता १५०, १ वाजता ७५, ३ वाजता १३०, ५ वाजता २३० आणि ७ वाजता ३१०. आलेखाच्या कागदावर हे सात बिंदू जोडा. सकाळच्या आकड्यावरून वाढवलेली मात्रा दुपारी १ वाजता प्राणघातक ठरली असती! इन्शुलिनची मात्रा ठरते ती या वक्राच्या तळावरून, एका आकड्यावरून नव्हे. तो तळ साधारण ८० ते १५० मध्ये असावा.

साखर ६० च्या खाली गेली, मांजर लटपटू लागले, आचके देऊ लागले, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचे पाणी चोळावे आणि ताबडतोब डॉक्टर गाठावा. बाजारात ४० आणि १०० युनिटांच्या इन्शुलिनच्या पिचकाऱ्या वेगवेगळ्या मिळतात. १०० चे इन्शुलिन ४० च्या पिचकारीने त्याच रेघेपर्यंत भरले, तर मात्रा अडीचपट होते. कुपी आणि पिचकारी यांवरील आकडा रोज वाचावा.

आपल्याकडे मांजराला दूध-भाकरी घालतात. मांजर मूळचे मांसाहारी. पिष्टमय अन्न कमी केले की इन्शुलिनची गरज घटते, काहींची तर औषधाविना साखर आटोक्यात राहते. पण अन्न बदलताना डॉक्टरांना आधी सांगावे, नाहीतर जुनीच मात्रा जास्त ठरेल.

मोजावे आपण, मात्रा ठरवावी डॉक्टरांनी. त्यांच्याकडे जाताना मांजराआधी वही पिशवीत घालावी. वेळ, साखर, इन्शुलिन आणि अन्न असे चार रकाने पुरतात.