पिल्लांच्या उबेसाठी तापमान नियंत्रक : निवड व जोडणी

विदर्भाचे हवामान दोन टोकांचे आहे. वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा परिसरात मे महिन्यात दुपारचा पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो, तर डिसेंबर-जानेवारीतील काही रात्री तो १० अंशांपर्यंत उतरतो. कपाशी, तूर व सोयाबीनला जोड म्हणून या भागात वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित कोंबड्यांची दोनशे-अडीचशे पिल्ले आणून वाढविणाऱ्या शेतकरी बंधूंना व भगिनींना ही दोन्ही टोके सांभाळावी लागतात. त्यातही पहिले चार आठवडे नाजूक. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिले दहा-बारा दिवस स्वतःच्या शरीराचे तापमान राखता येत नाही. पहाटे गारठा वाढला की पिल्ले एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढतात व खालची गुदमरून मरतात. सकाळी दार उघडल्यावर रोगाची शंका येते, औषधावर खर्च होतो. पण अनेकदा कारण फक्त थंडीचे असते.

ही ऊब आपोआप राखणारे साधन म्हणजे थर्मोस्टॅट किंवा तापमान नियंत्रक. परदेशात घरे उबदार ठेवण्यासाठी, वेळापत्रक लावून ठेवता येणारे थर्मोस्टॅट भिंतीवर बसवितात. आपल्या घरांत त्याची गरज नाही. पिल्लांच्या खोलीत मात्र आहे. किंबहुना या साधनाचा जन्मच पिल्लांसाठी झाला असे म्हणण्यास हरकत नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबविण्याच्या पेटीची उष्णता आपोआप कमीजास्त करणारी रचना केली होती. १७७७ च्या सुमारास फ्रान्समधील बोनमाँ यांनी उबवणी यंत्रासाठी धातूच्या प्रसरणावर चालणारा नियंत्रक केला. शाळेच्या वर्गखोल्यांसाठी अमेरिकेतील वॉरन जॉन्सन यांच्या विद्युत थर्मोस्टॅटला पेटंट मिळाले ते त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १८८३ मध्ये.

किती ऊब हवी

पहिल्या आठवड्यात दाईखाली (ब्रूडरखाली) ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे. त्यानंतर दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी करीत दुसऱ्या आठवड्यात ३२, तिसऱ्यात २९, चौथ्यात २६ आणि पुढे बाहेरच्या हवेनुसार २१ ते २४ अंशांवर आणावे. आठवडा संपला म्हणून एकदम ३ अंश उतरवू नयेत. रोज साधारण अर्धा अंश कमी करणे पिल्लांना मानवते.

उष्णतेसाठी हिवाळ्यात दर पिल्लामागे साधारण २ वॅट धरावेत. म्हणजे २५० पिल्लांना ५०० वॅट, अर्थात १०० वॅटचे पाच बल्ब लागतील. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अलीकडे दुकानात सहज मिळतो तो एलईडी बल्ब. तो उजेड देतो, ऊब जवळजवळ देत नाही. दाईसाठी तारेचा जुना बल्ब, उष्णता देणारा लाल इन्फ्रारेड दिवा किंवा चिनी मातीचा हीटर यांपैकीच काही घ्यावे. तसेच गावात रात्री विजेचा दाब १८० व्होल्टपर्यंत पडत असेल तर हीटरची उष्णता सुमारे चाळीस टक्के घटते, हे लक्षात घेऊन एक जादा दिवा टांगून ठेवावा.

कोणता नियंत्रक घ्यावा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. जुन्या उबवणी पेटीत इथर भरलेली पितळी डबी असते. ती फुगली की बटण दाबले जाते व दिवा बंद होतो. रचना साधी आहे, पण डबी फुटली की ऐनवेळी तशी दुसरी मिळणे कठीण. दुसरा प्रकार पाणी तापविण्याच्या यंत्रात असतो तसा, फिरकीचा थर्मोस्टॅट. तो स्वस्त व टिकाऊ असला तरी चालू आणि बंद होण्यात चार-पाच अंशांचे अंतर ठेवतो. पिल्लांच्या पहिल्या आठवड्यासाठी हे अंतर फार होते. तिसरा प्रकार आकडे दाखविणारा डिजिटल नियंत्रक. तारेच्या टोकाला तापमान मोजणारा संवेदक असतो आणि फरक एक अंश किंवा त्याहून कमी ठेवता येतो. साधा डिजिटल नियंत्रक काही शे रुपयांपासून मिळतो. दोनशे-पाचशे पिल्लांसाठी तो पुरेसा आहे.

वेळापत्रक किंवा दिवसांचा क्रम भरून ठेवता येणारा, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा नियंत्रक महाग असतो. घेण्यापूर्वी त्याचा उपयोग नीट समजून घ्यावा. थंड देशांत असा थर्मोस्टॅट रात्री माणसे पांघरुणात असताना घराची ऊब कमी करून इंधन वाचवितो. पिल्लांच्या बाबतीत हा हिशेब चालत नाही. त्यांना दिवसा जितकी ऊब हवी तितकीच रात्रीही हवी. म्हणून रात्रीचे तापमान उतरविणारा कार्यक्रम कधीही लावू नये. पिल्लाच्या वयाप्रमाणे रोज थोडे तापमान उतरविणारा कार्यक्रम मात्र उपयोगी आहे. हजारो पक्षी सांभाळणाऱ्यास तो परवडतो. लहान तुकडीसाठी रोज सकाळी पाणी बदलताना बटण दाबून अर्धा अंश कमी करणे यात काही जड नाही, आणि त्या निमित्ताने पिल्लांकडे लक्षही जाते.

दुकानात असतानाच एक परीक्षा करावी. नियंत्रकात तापमान भरून वीज बंद करावी व पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करावी. भरलेले आकडे तसेच राहिले पाहिजेत. घड्याळ असलेल्या नियंत्रकात सेल नसेल तर वीज गेल्यावर घड्याळ शून्यावर येते आणि भरलेला कार्यक्रम भलत्याच वेळी चालू लागतो. खेड्यात वीज दिवसातून दोनदा गेली तरी असा नियंत्रक कामाचा राहत नाही.

दुसरी परीक्षा संवेदकाची. तार काढून घेतल्यावर नियंत्रक काय करतो ते पाहावे. काही नियंत्रक दिवे बंद करतात, काही चालूच ठेवतात. उंदराने तार कुरतडली तर खोलीत काय होईल याचे उत्तर येथेच मिळते. शक्यतो भोंगा वाजविणारा नियंत्रक निवडावा.

नियंत्रकावर १० अँपिअर लिहिलेले असले तरी त्यावर निम्म्याहून अधिक भार देऊ नये. ५०० वॅटचे दिवे २३० व्होल्टवर सुमारे सव्वादोन अँपिअर घेतात, ते चालेल. २,००० वॅटचे हीटर पावणेनऊ अँपिअर घेतात. तेथे नियंत्रकाने फक्त कॉन्टॅक्टर चालवावा आणि भार कॉन्टॅक्टरने उचलावा. पंखा व पाण्याची मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, म्हणून त्यांनाही कॉन्टॅक्टर लावावा.

जोडणी

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. पिल्लांच्या शेडची वीज शेतीपंपाच्या जोडणीवरून ओढू नये. पंपाच्या फीडरला ठराविक तासच, तेही पाळीने वीज मिळते. गावठाणाच्या फीडरवरील स्वतंत्र जोडणी असेल तरच रात्रभराचा भरवसा धरता येतो. कुक्कुटपालनासाठी 'कृषी-इतर' वर्गवारीतून जोडणी मागता येते. त्याबाबत महावितरणच्या कार्यालयात चौकशी करावी.

मुख्य स्विचनंतर एमसीबी व ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. पाणी सांडलेल्या जागी हात ओला असताना हाच जीव वाचवितो. अर्थिंग पक्की असावी. नियंत्रकाला स्वतःच्या विजेसाठी फेज व न्यूट्रल द्यावी. दिव्यांकडे जाणारी फेज नियंत्रकाच्या 'कॉमन' टोकाला जोडून 'नॉर्मली ओपन' टोकातून पुढे न्यावी. न्यूट्रल दिव्यांना सरळ द्यावी. न्यूट्रल तोडून फेज तशीच ठेवली तर दिवा विझूनही होल्डरमध्ये वीज राहते.

सगळे दिवे नियंत्रकावर टाकू नयेत. पाच दिव्यांपैकी दोन सरळ साध्या बटणावर व तीन नियंत्रकावर ठेवावेत. नियंत्रक बिघडून बंद पडला तरी दोन दिव्यांवर पिल्ले सकाळपर्यंत तग धरतात. याउलट रिलेचे टोक चिकटून दिवे बंदच झाले नाहीत तर खोली तापत जाते. त्यासाठी ४० अंशांवर तोडणारा फिरकीचा थर्मोस्टॅट नियंत्रकाच्या पुढे, त्याच फेजमध्ये जोडावा. खर्च थोडा, पण आगीची भीती जाते. दिवे तारेवर न टांगता साखळीने टांगावेत. २५० वॅटचा इन्फ्रारेड दिवा गादीपासून निदान ४५ सेंटिमीटर उंच असावा.

नियंत्रकाची पेटी दाईपासून दूर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, धूळ जाणार नाही अशी बसवावी. संवेदक मात्र पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे गादीपासून ५ सेंटिमीटर वर, दाईच्या कडेला लटकवावा. सर्वांत जास्त चुका येथेच होतात. दिव्याच्या अगदी खाली संवेदक ठेवला तर तो लवकर तापतो, दिवे विझतात आणि कडेची पिल्ले गारठतात. भिंतीला टेकवला तर भिंतीचा गारवा मोजतो. पाण्याच्या भांड्याजवळ ओला होतो. उंदरापासून जपण्यासाठी तार पातळ लोखंडी नळीतून न्यावी.

तपासणी

पिल्ले येण्यापूर्वी एक दिवस आधी सर्व चालवून पाहावे. एका पेल्यात बर्फाचा चुरा व थोडे पाणी घालून त्यात पातळ पिशवीत बांधलेला संवेदक पाच मिनिटे धरावा. आकडा शून्याच्या आसपास यावा. नंतर कोमट पाण्यात तो व घरातील तापाचा डिजिटल थर्मामीटर एकत्र धरून ३७-३८ अंशांचा मेळ पाहावा. जो फरक निघेल तो नियंत्रकात सुधारून घेता येतो.

त्यानंतर 'गरम' व 'थंड' यांपैकी नियंत्रक कशावर आहे ते पाहावे. चुकून 'थंड' लावला तर खोली गार असताना दिवे बंद व तापलेली असताना चालू असा उलटा कारभार होतो. संवेदक मुठीत धरावा. आकडा वाढत जाऊन ठरविलेल्या तापमानाला दिवे विझले पाहिजेत. फरक एक अंश ठेवावा; त्याहून कमी ठेवल्यास रिले सारखा खटखट करून लवकर झिजतो.

आकडा बरोबर असला तरी शेवटचा पुरावा पिल्लांचाच मानावा. ती सर्वत्र सारखी पसरून दाणे टिपत असतील तर ऊब योग्य आहे. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करीत असतील तर कमी आहे. चिकगार्डच्या कडेला जाऊन पंख पसरून चोच उघडीत असतील तर जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येत आहे. तेथे पोत्याचा पडदा बांधावा, तापमान वाढवू नये.

विजेचा हिशेबही सांगितला पाहिजे. पाचही दिवे अहोरात्र चालले तर दिवसाला १२ युनिट लागतात. समजा दोन दिवे सतत चालू राहिले व उरलेले तीन नियंत्रकामुळे निम्मा वेळच जळले, तर ४.८ आणि ३.६ मिळून ८.४ युनिट होतात. बचत आहे, पण नियंत्रक घ्यायचा तो या बचतीपेक्षा पिल्लांच्या जिवासाठी.

वीज गेल्यावर नियंत्रक निरुपयोगी होतो, त्यामुळे इन्व्हर्टर किंवा गॅसची दाई हाताशी असावी. कोळशाची शेगडी ठेवावी लागली तर ती बाहेर पूर्ण पेटवून, धूर गेल्यावरच आत आणावी व वरची झडप उघडी ठेवावी. बंद खोलीत शेगडीचा वायू पिल्लांना मारतो आणि त्यांच्याजवळ झोपलेल्या माणसालाही.

उन्हाळ्यात

तोच नियंत्रक मार्चनंतर 'थंड'वर करून मोठ्या पक्ष्यांच्या शेडमधील पंखे व फॉगर चालविता येतात. ३२ अंशांवर पंखे व ३५ अंशांवर फॉगर सुरू व्हावेत, यासाठी दोन नियंत्रक लागतील. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाची हवा कोरडी असते म्हणून फॉगरचा चांगला परिणाम होतो. जूनमध्ये ढग येऊन हवा दमट झाली की फॉगर बंद करून फक्त पंखे चालवावेत. अशा वेळी पाणी फवारल्याने पक्ष्यांची धाप वाढते. छपरावर पऱ्हाटी किंवा तुऱ्हाटीचा थर देऊन त्यावर दुपारी पाणी शिंपडल्यास यंत्रावरील ताण बराच कमी होतो.

एक तुकडी निघाल्यावर शेड धुताना नियंत्रकाची पेटी व संवेदक आधी काढून घ्यावेत, संवेदक कोरड्या फडक्याने पुसून ठेवावा आणि पुढच्या तुकडीपूर्वी बर्फाची परीक्षा पुन्हा करावी.