घर गहाण ठेवण्याआधी

नाशिक

चि. सोनू,

सिनेमासाठी राहता फ्लॅट गहाण टाकणार आहेस, असं दादाने फोनवर सांगितलं. उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं दिलंस म्हणे. विम्याची पॉलिसी त्यांनी गहाण टाकली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले, हे खरंच. पण पुढचं-मागचंही बघ.

1912 साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच ‘राजा हरिश्चंद्र’ सुरू केला नाही. आधी वाटाण्याचं रोप कसं वाढतं, याची छोटीशी फिल्म केली आणि पैसेवाल्यांना दाखवली. कर्ज उभं राहिलं ते त्यानंतर. तूही तुझ्या पटकथेतला सर्वांत अवघड प्रसंग दहा मिनिटांचा करून दाखव. तो जमला, तर पैसे मागायला तोंड असेल. फसला, तरी घर शाबूत राहील.

तुझा अवघड प्रसंग गोदेच्या पुराचाच ना? त्याच्या खर्चाचा आकडा ऐकून दादा हबकलाय. अगं, आपल्याकडे पूर मोजतात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. पाणी त्याच्या कमरेला लागलं, एवढी बातमी आली की सराफ बाजारात, भांडी बाजारात माल माळ्यावर चढायला लागतो. ती धावपळ दाखव. कॉम्प्युटरवर केलेल्या पाण्यापेक्षा ती जास्त खरी वाटेल, आणि कितीतरी स्वस्तात होईल. फाळक्यांनीही अडचणीतून असाच मार्ग काढला होता: ‘राजा हरिश्चंद्र’मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा त्यांनी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना उभं केलं. त्याच साळुंक्यांनी पुढे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही केले!

मला खरी काळजी वेगळीच आहे. 1917 साली ‘लंकादहन’ तुफान चालला, 1918 मध्ये नाशकात भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ लोकांनी डोक्यावर घेतले. पैसा होता, प्रेक्षक होते, कलावंत तर होताच. तरी खर्चावरून भागीदारांशी बिनसलं आणि फाळके कंपनी सोडून काशीला गेले. 1922 मध्ये परतले खरे, पण पहिले दिवस परतले नाहीत. शेवटची वर्षं याच गावात ओढगस्तीत गेली. ते वाचताना मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुझ्या भागीदारांकडून आधी लिहून घे: ठरलेल्या रकमेपर्यंत दिग्दर्शक म्हणून तुझा शब्द अखेरचा, त्यापुढच्या प्रत्येक रुपयाला सगळ्यांची सही. प्रसिद्धीचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात. सरकारी अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षणानंतर मिळतं. ते भांडवलात धरू नकोस. लाइटबॉय, स्पॉटबॉय यांची मजुरी अडवून कधीही शूटिंग वाढवू नकोस. तुझ्या धाडसात त्यांनी पैसे घातलेले नाहीत.

माझ्या ठेवीतून त्या दहा मिनिटांचा खर्च मी देते. परत मागणार नाही. गहाणखतावर मात्र इतक्यात सही करू नकोस, आणि कराराचा मसुदा रविवारपर्यंत मला पाठव.

तुझी
आत्या