यादीआधी जन्मतारीख पाहा

ऑस्ट्रेलियाच्या पीआरचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, विचार करणारे बहुतेक जण आधी पात्र व्यवसायांच्या यादीत आपला व्यवसाय शोधतात आणि तो सापडला की निर्धास्त होतात. नर्स, शिक्षक, सुतार तिथे कमी पडतात हे खरं. पण त्या भरवशावर राहू नये, असं मी बजावून सांगेन. तुटवडा देशाचा असला तरी अर्ज एकेका माणसाचा असतो, आणि त्याचं वय मोजताना तुटवड्याची सबब चालत नाही. गुणांवर मिळणाऱ्या १८९ क्रमांकाच्या व्हिसाची वयोमर्यादा जुलै २०१७ मध्ये पन्नासवरून पंचेचाळीसवर आली. पण गुणांची घसरण पंचेचाळिशीच्या आधीच सुरू होते. पंचविशीपासून बत्तिशीपर्यंत वयाचे ३० गुण मिळतात, तेहतिसावा वाढदिवस झाला की २५ आणि चाळिसावा झाला की १५. परदेशातल्या अनुभवाचे गुण आठ वर्षांनंतर १५ वरच थांबतात. म्हणजे अनुभवाने कमावलेले गुण वय परत घेतं.

यावर सरकारी उत्तर ठरलेलं असतं: तरुण माणूस जास्त वर्षं कर भरतो, पेन्शन उशिरा घेतो. हिशेब चूक नाही, पण अर्धवट आहे. पेन्शनचं वय ६७ आहे; पंचेचाळिशीत आलेल्यापुढेही बावीस वर्षांचं काम उरतं. शिवाय कंपनीने बोलावलेल्या तात्पुरत्या ४८२ व्हिसाला वयाची अटच नाही. पन्नाशीतला माणूस कामाला चालतो, कायम राहायला चालत नाही. हा दुटप्पीपणा मला पटत नाही. तरी नियम बदलेल या आशेवर घर विकू नये. त्याच मालकामार्फत पीआर मागायची तर सहसा आधी दोन वर्षं काम लागतं आणि अर्जाच्या दिवशी वय पंचेचाळीसच्या आत हवं. त्रेचाळिशी उलटल्यावर गेलेल्याला, मोजके अपवाद सोडले तर, ही वाट बंद असते.

म्हणून वाढदिवसापासून उलटं मोजावं. १८९ साठी वय धरलं जातं ते अर्जाचं आमंत्रण मिळाल्याच्या दिवशीचं, त्याआधीचं स्वारस्यपत्र (एक्स्प्रेशन ऑफ इंटरेस्ट) भरल्याच्या दिवशीचं नाही. तेव्हा स्किल असेसमेंट आणि इंग्रजीची परीक्षा यांचे महिने आधीच वजा करा. किमान ६५ गुणांवर स्वारस्यपत्र भरता येतं, आमंत्रण मात्र बहुधा त्याहून वरच्यांना येतं. आणखी एक गोष्ट आपल्या घरांत हमखास सुटते. मुख्य अर्जदार म्हणून नवऱ्याचंच नाव घातलं जातं, आणि बहुधा वयाने मोठा तोच असतो. जोडीदाराला ही वयोमर्यादा नाही. बायको पात्र असेल, तर अर्ज तिच्या नावाने करावा.