वेळूचा ऑर्गन

पांवा वाजवितांना आपण काय करतों, याचा क्षणभर विचार करा. फुंकर भोकाच्या कडेवर आदळते, नळींतील हवा कंप पावते आणि सूर उमटतो. ख्रिस्तमंदिरांतील प्रचंड पाइप ऑर्गन मुख्यतः याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच, कीं फुंकरीचें काम भाता करितो, आणि प्रत्येक सुरास निराळी नळी योजिलेली असते.

भात्यांतील वारा प्रथम एका बंद पेटींत सांठतो. वादकानें पट्टी दाबली, म्हणजे तिची झडप उघडते व वारा नळींत शिरतो. नळी जितकी लांब, तितका सूर खालचा. लांबी निम्मी केली, कीं सूर सुमारें एक सप्तक वर चढतो.

या वाद्याचा मूळ शोध इ. स. पूर्वीं तिसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबिअस नांवाच्या यंत्रज्ञानें लाविला. त्यांत वाऱ्याचा दाब पाण्याच्या साह्यानें सम राखीत. परंतु आज आम्ही विशेषेंकरून सांगणार आहों तें फिलिपाइन्समधील लास पिन्यास येथील ऑर्गनाविषयीं.

१८१६ सालीं तेथील स्पॅनिश धर्मगुरु दिएगो सेरा यांनीं तो बांधावयास घेतला. वेळू त्या प्रांतीं विपुल. तोच त्यांनीं निवडिला. पण वेळूला कीड लागते. म्हणून तोडलेले वेळू त्यांनीं कित्येक महिने समुद्रकांठच्या वाळूंत पुरून ठेविले, आणि किडीपासून जे वांचले तेच घेतले. १८२४ सालीं काम पुरें झालें. एकंदर १०३१ नळ्यांपैकीं ९०२ वेळूच्या आहेत. बाकीच्या १२९ धातूच्या, कारण तुतारीसारखा खणखणीत आवाज वेळूंतून निघेना.

पुढें भूकंप व वादळें यांनीं या वाद्याची दुर्दशा केली. अखेर १९७३ सालीं तें उकलून जर्मनींत बॉन येथील क्लाइस यांच्या कारखान्यांत नेण्यांत आलें. परक्या हवेनें वेळू बिघडूं नये, म्हणून फिलिपाइन्ससारखी उष्ण व दमट हवा राखलेली खोली तेथें मुद्दाम तयार केली. १९७५ सालीं तें स्वस्थानीं परत आलें आणि आजहि तेथें वाजत आहे.

वेळू आपल्याहि रानांत उगवतो. साधन साधें आहे म्हणून काम कमी प्रतीचें होतें, असें नाहीं. जो कारागीर कच्चें साहित्य महिनोन्महिने वाळूंत पारखण्याचा धीर धरितो, त्याची कृति दीडशें वर्षांनीं मोडकळीस आली, तरी ती पुन्हा उभी करावी असें लोकांस वाटतें. घाईनें केलेल्या कामास हें भाग्य लाभत नाहीं, हें अभ्यासास बसतांना आपण ध्यानांत ठेवूं या.