मुक्कामाची वीज : खानदेशातल्या वाटांवर शिकलेलं

विजेच्या तारांपासून दूर काढायच्या रात्री खानदेशात वर्षभर येतात. थंडीत मळ्यातली भरीत पार्टी, मार्गशीर्षात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, चैत्रात सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघालेले लोक, आषाढीच्या महिनाभर आधी मुक्ताईनगरहून पंढरपूरला निघणारी मुक्ताईची पालखी. आणि आता सुट्टीत तोरणमाळला तंबू ठोकणारी कुटुंबंही. या सगळ्यांसोबत एखादी गाडी असतेच. मुक्कामाला लागणारी वीज त्या गाडीतूनच न्यायची असते.

मी जळगावचा. सातपुड्यातले मुक्काम आणि यात्रेच्या टेम्पोची दिवाबत्ती ही माझी आवडीची कामं. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक विचारतात, "पॉवर स्टेशन घ्यायचंय, किती मोठं घेऊ?" पॉवर स्टेशन म्हणजे बॅटरी आणि सॉकेट एकाच पेटीत. मी आधी दोन गोष्टी विचारतो : रात्री काय काय चाललंच पाहिजे, आणि ती पेटी दुपारी ठेवणार कुठे? दुसरा प्रश्न खास आपल्या भागातला आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो आणि बॅटरीचं आयुष्य तिथेच ठरतं. वीज निवडताना गरज आणि ऊन, हे दोनच आकडे पक्के धरायचे. बाकीचं सगळं त्यांच्या मागून येतं.

१. आधी रात्रीचा हिशेब, मग दुकान

कागद घ्या. उपकरण किती वॉटचं आणि किती तास चालणार, याचा गुणाकार मांडा. थंडीच्या दिवसांत पाच जणांचं कुटुंब असेल तर ५ वॉटचे दोन एलईडी दिवे पाच तास, म्हणजे ५० वॉट-तास. पाच मोबाइल, प्रत्येकी १५ ते २० धरले तर शंभराच्या आत. कॅमेरा, स्पीकर असं किरकोळ धरून दीडशे-पावणेदोनशे. उन्हाळा असेल तर १२ व्होल्टवर चालणारे १५ वॉटचे दोन पंखे आठ तास चालतील. त्यांचे २४० वाढले. एकूण झाले चारशेच्या आसपास. वर पाव हिस्सा राखीव ठेवा. म्हणजे ५०० वॉट-तासांची पेटी एका कुटुंबाला एका रात्रीसाठी पुरते.

महावितरणच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. अर्ध्या युनिटात रात्र निघते, हे एकदा कळलं की दुकानातल्या सगळ्यात मोठ्या पेटीचा मोह आपोआप सुटतो. गाडीत ठेवायचा कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज सोबत असेल, तरच युनिटभराचा विचार करा. कडक उन्हात तो एकटाच दिवसाला चारशे-पाचशे वॉट-तास खातो.

२. एमएएच पाहून भुलू नका, वॉट-तास विचारा

पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. गुणाकार केला की ७४ वॉट-तास होतात. त्यातले काही रूपांतरात जातात. ५,००० एमएएचचा मोबाइल कागदावर चार वेळा भरतो, हातात तीन वेळा. गाडीच्या बॅटरीचंही असंच : १२ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर-तास म्हणजे १,२०० वॉट-तास. सगळ्या वस्तू या एकाच मापात आणल्या, की तुलना सोपी होते आणि विक्रेत्याशी बोलताना आपला पाया पक्का राहतो. पेटीवर वॉट-तास छापलेलेच नसतील तर ती घेऊ नका. पॉवर बँक आणि लिथियम सेलना आपल्याकडे बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. तिची खूण आणि क्रमांक तपासूनच पैसे द्या.

३. गाडीची मूळ बॅटरी घरी परतण्यासाठी आहे

इंजिन सुरू करणारी बॅटरी काही सेकंद शेकडो अँपिअर देण्यासाठी घडवलेली असते. तिच्या प्लेटा पातळ असतात. रात्रभर थोडाथोडा प्रवाह काढत तिला रिकामी करत गेलात, तर ती थोड्याच दिवसांत कायमची अशक्त होते. लहान कारमध्ये ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे सगळे मिळून ४२० वॉट-तास, आणि त्यातलेही थोडेच सुरक्षितपणे काढता येतात. सातपुड्यातल्या पाल किंवा मनुदेवीच्या परिसरात सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर धक्का मारायला माणसं मिळतीलच असं नाही.

म्हणून मुक्कामाचा भार स्वतंत्र बॅटरीवर. मूळ बॅटरीवरून काही चालवावंच लागलं, तर छोटा व्होल्टमीटर लावा आणि १२.२ व्होल्ट दिसताच थांबा. विश्रांतीत असलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.६ च्या पुढे असली तर भरलेली, १२.२ ला आली की निम्मी संपलेली.

४. आपल्या हवेला लिथियम आयर्न फॉस्फेट

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूबलर बॅटरी स्वस्त पडते. पण १५० अँपिअर-तासांची एक उचलायला दोन माणसं लागतात आणि तिची निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर जाते. लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० अँपिअर-तासांची बॅटरी बारा-तेरा किलोंची असते. तिच्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनघोर वापरता येतात आणि ती दोन-तीन हजार वेळा भरता-रिकामी करता येते. या रसायनाची ओळख जगाला १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या जॉन गुडइनफ यांच्या गटाने करून दिली. लिथियम-आयनवरच्या कामासाठी त्यांना इतर दोघांसह २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हलक्या, स्वस्त पॉवर स्टेशनमध्ये निकेल-मँगनीज-कोबाल्टचे सेल असतात. जागा कमी घेतात, पण तापून बिघडण्याचा त्यांचा धोका जास्त आणि आयुष्य कमी. थंड मुलखात ते चालतील. भुसावळच्या मे महिन्यात लहान मुलं झोपलेल्या गाडीत मी आयर्न फॉस्फेटच ठेवेन. खोक्यावर एलएफपी किंवा लिथियम आयर्न फॉस्फेट असं स्पष्ट लिहिलेलं पाहा. नुसतं 'लिथियम' पुरेसं नाही.

५. पेटीला दुपारची सावली शोधा

काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तापमान साठ अंशांच्या वर सहज जातं. डॅशबोर्डला हात लावता येत नाही, स्टिअरिंगवर ओला रुमाल टाकावा लागतो. तीच हवा डिकीतल्या बॅटरीला लागते. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. काही पेट्या त्या आधीच स्वतःहून बंद पडतात. त्या बिघडलेल्या नसतात, आतली यंत्रणा त्यांना वाचवत असते.

उपाय साधा आहे. गाडी थांबली की पेटी बाहेर काढा. लिंबाच्या नाहीतर वडाच्या सावलीत, जमिनीपासून वीतभर उंच, चारही बाजूंनी वारा लागेल अशी ठेवा. वर ओलं कापड टाकू नका. पाणी आत गेलं तर नुकसान आपलंच. पेटी उन्हाळाभर घरात पडून राहणार असेल, तर निम्मी भरून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. गच्चीखालच्या माळ्यावर तर कधीच नको.

६. चालती गाडी ही तुमची पहिली चक्की

गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला साधारण १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असतो. तिथून १२० ते १८० वॉटच मिळतात, आणि तेही सोसण्याइतकंच घ्यावं. मोठी बॅटरी भरायची तर अल्टरनेटर आणि दुसरी बॅटरी यांच्यामध्ये डीसी-टू-डीसी चार्जर बसवा. लिथियम बॅटरी थेट जोडली की ती झपाट्याने प्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापतो. शिवाय बीएस-६ गाड्यांतला अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज वरखाली करतो. चार्जर दोन्ही बाजू सांभाळतो.

२० अँपिअरचा चार्जर तासाला अडीचशे वॉट-तासांच्या आसपास भरतो. धुळ्याहून शहाद्यामार्गे तोरणमाळच्या घाटापर्यंत तीन-साडेतीन तास धरले, तर पोहोचेपर्यंत पाऊण युनिट आलेलं असतं. ज्यांचा मुक्काम रोज बदलतो त्यांना हे सगळ्यात उपयोगी : गाडी चालली, बॅटरी भरली. नव्या विजेवरच्या गाड्यांनी तर प्रश्नच सोपा केला आहे. २०२३ नंतरच्या टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीतून ३.३ केव्हीएपर्यंत वीज बाहेर घेता येते. फक्त परतीच्या किलोमीटरइतकी बॅटरी राखून ठेवा.

७. पॅनेल शंभर वॉटचं असेल तर सत्तर धरा

साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला. आपल्या भागात ऊन किती, हे वेगळं सांगायला नको. पण पॅनेलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको. २५ अंशांपुढे दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.३५ ते ०.४ टक्के घटते. मे महिन्यात पॅनेल सत्तरीकडे जातं, तिथेच पंधरा-सतरा टक्के गेले. धूळ, वायर, कंट्रोलर यांत आणखी काही जातात. निरभ्र दिवशी १०० वॉटचं पॅनेल ३५० ते ४०० वॉट-तास देतं, पावसाळी ढगात त्याच्या निम्मंही नाही.

सूर्याकडे तोंड हवंच. आपण २१ अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगाव-धुळ्याला सूर्य माथ्यावर येतो, तेव्हा पॅनेल आडवं ठेवा. डिसेंबरात तो दक्षिणेकडे झुकलेला असतो, मग मागे दगड लावून पॅनेल ४५ अंशांत दक्षिणेकडे तिरकं उभं करा. आणि एका फांदीची सावलीसुद्धा चालवून घेऊ नका. सेल एकामागे एक जोडलेले असतात, एक कोपरा झाकला तरी सगळ्यांचा प्रवाह अडतो. म्हणून गाडीच्या टपावर पक्कं बसवलेल्या पॅनेलपेक्षा लांब वायरचं घडीचं पॅनेल बरं. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात.

८. तापवायची कामं विजेवर टाकू नका

एक लिटर पाणी उकळायला १०० वॉट-तास जातात. दोन दिवे रात्रभर लावले तरी इतके लागत नाहीत. केटल, इंडक्शन, इस्त्री यांसाठी दीड-दोन हजार वॉटचा इन्व्हर्टर लागतो आणि खर्च दुपटीने वाढतो. चहा पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर करा. मळ्यात वांगी भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या आहेतच, आणि त्या धगीवरच्या भरिताची चव विजेने येत नाही. जंगलात मात्र विस्तव पेटवण्याआधी वनखात्याच्या माणसाला विचारा. यावल आणि पाटणादेवीच्या गौताळा अभयारण्यात फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस सुरू होतात.

पेट्रोल जनरेटर मोठ्या यात्रेत चालेल, पण तंबूपासून दूर, वारा जिकडे वाहून जातो त्या बाजूला. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. इंजिन चालू ठेवून, काचा लावून गाडीत झोपणंही तितकंच घातक.

९. जाड वायर, जवळ फ्यूज

१२ व्होल्टवर प्रवाह मोठा असतो. ३०० वॉटचा इन्व्हर्टर २५ अँपिअरच्या पुढे ओढतो, १००० वॉटचा शंभराच्या घरात. घरच्या दिव्याची वायर इथे वितळते. वायर जाड आणि आखूड ठेवा, फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभरातच लावा, आणि जोडणी जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. इन्व्हर्टर घ्यायचाच तर शुद्ध साइन वेव्हचा. श्वासाचं यंत्र वापरणारं कोणी सोबत असेल, तर याबाबत तडजोड नको. आणि शक्य तितकं थेट डीसीवर चालवा. इन्व्हर्टर वापरला की दहा-पंधरा टक्के वाटेतच जातात.

१०. पहिली वीज टॉर्चची आणि औषधाची

यात्रेच्या टेम्पोत संध्याकाळी एक दृश्य असतं. लांब पट्टीवर चाळीसेक चार्जर, प्रत्येक मोबाइलला पांढऱ्या चिकटपट्टीवर पेनाने लिहिलेलं नाव, आणि कोणी मावशी हात पुढे करून म्हणते, "भाऊ, मना मोबाइल चार्जिंगले लाई दे ना." त्या मोबाइलवर घरच्यांची खुशाली कळणार असते, म्हणून नाही म्हणवत नाही. पण टेम्पो सांभाळणाऱ्याने क्रम ठरवावा : आधी टॉर्च, मग औषधाचा फ्रिज आणि श्वासाचं यंत्र, मग मोबाइल, शेवटी भजनाचा ॲम्प्लिफायर.

आपल्या रानात मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. अंधारात पाय टाकण्याआधी प्रत्येकाच्या हातात उजेड हवा. इन्सुलिन घेणारे वडीलधारे सोबत असतील, तर खानदेशी उन्हाळा त्या औषधाला मानवत नाही. फ्रिज नसेल तर औषध बंद डब्यात घालून तो डबा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात ठेवा. चैत्रातली कोरडी हवा तिथे आपल्या मदतीला येते. आधी डॉक्टरांना विचारून मगच निघा.

११. पहिली रात्र घरच्या गच्चीवर

सामान आणलं की लगेच तोरणमाळला निघू नका. उन्हाळ्यात आपण झोपतो तशी गच्चीवर गादी टाका, मेन स्विच बंद करा, आणि ठरवलेलं सगळं त्या एका पेटीवर चालवा. किती वाजता किती टक्के उरले, पंखा पहाटेपर्यंत टिकला का, दुसऱ्या दिवशी पॅनेलने ती किती वाजता भरली, हे वहीत लिहा. ही वही कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरी असते. तिच्यातल्या आकड्यांवर तुमच्या कुटुंबाची, तुमच्या गाडीची आणि आपल्या उन्हाची सही असते. ते आकडे जुळले की सातपुड्यात कुठेही मुक्काम करा. सोबतची म्हातारी माणसं आणि लेकरं निवांत झोपतील, आणि सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू होईल.